सेकंदाला सोळा मुक्काम

१९१२ सालच्या फेब्रुवारीत बेचाळिशीला टेकलेले एक मराठी गृहस्थ लंडनमध्ये पिकॅडिलीच्या बाजूला दुकानांवरच्या पाट्या वाचत हिंडत होते. ओळखीचं कुणी नाही, खिशात कुणाचं शिफारसपत्र नाही. विमा पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केलेले. एका दारावर ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाची पाटी दिसली. हे साप्ताहिक ते मुंबईत वर्गणी भरून मागवत असत. एवढी ओळख त्यांना पुरेशी वाटली आणि ते सरळ आत शिरले.

धुंडिराज गोविंद फाळके यांचं चित्रपटशिक्षण असं सुरू झालं. बोटीच्या प्रवासाचे दिवस सोडले तर लंडनमध्ये त्यांना मिळाले जेमतेम दोन आठवडे. १ फेब्रुवारीला मुंबई सोडली आणि १ एप्रिलला ते परतलेसुद्धा. आज चित्रपट दिग्दर्शन शिकायला विद्यार्थी तीन-तीन वर्षं घालवतात. या माणसानं दोन आठवड्यांत असं काय शिकून घेतलं, की पुढच्या वर्षी मुंबईत पडद्यावर राजा हरिश्चंद्र उभा राहिला?

साप्ताहिकाचे संपादक केबोर्न यांनी आधी त्यांना परावृत्त करायचाच प्रयत्न केला. इंग्लंडमध्येच या धंद्यात लोक बुडताहेत, हिंदुस्थानच्या हवेत तर हे जमणं कठीण, असं त्यांचं म्हणणं. पाहुणा ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ म्हणजे इंग्रजी सिनेमाच्या पहिल्या पिढीतलं मोठं नाव. थेम्सकाठच्या वॉल्टन गावात त्यांचा स्टुडिओ होता. चित्रं हलवण्याच्या या विद्येवर त्यांनी १८९७ सालीच, म्हणजे सिनेमा दोन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, पुस्तक लिहून टाकलं होतं. आपल्या धंद्याची गुपितं माणसं सहसा दडवून ठेवतात. हेपवर्थनी या परक्या देशातल्या विद्यार्थ्याला स्टुडिओचे सगळे विभाग फिरून बघू दिले आणि चित्रण प्रत्यक्ष करून दाखवलं.

तिथे बघण्यासारखं सर्वांत महत्त्वाचं जे होतं ते आगपेटीत मावेल एवढं लहान होतं. कॅमेऱ्याच्या पोटातला एक पंजा.

सिनेमाला आपण ‘चलच्चित्र’ म्हणतो, पण त्याच्या यंत्रात चित्र चालत असताना कधीच दिसत नाही. फिल्म भिंगामागून सलग ओढत नेली, तर पडद्यावर नुसता पुसट पट्टा दिसेल. म्हणून पंजा फिल्मच्या कडेच्या छिद्रांत अडकतो, फिल्म एक चित्रभर खाली खेचतो, सुटतो, वर जातो. तोवर फिल्म गच्च थांबलेली. त्या थांबलेल्या क्षणी झडप उघडते, प्रकाश आत येतो, एक स्थिर छायाचित्र उमटतं. झडप मिटते, पंजा पुन्हा खेचतो. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण सोळा वेळा घडत असे. शिलाई मशीनखाली कापड असंच सरकतं: सुई वर असताना पुढे, सुई कापडात असताना स्थिर. लुई ल्युमिएरना पंजाची युक्ती सुचली ती शिलाई मशीनवरूनच.

चित्रगृहातल्या प्रोजेक्टरमध्येही हेच. फिल्म सरकत असताना पडद्यावर प्रकाश पडू द्यायचा नाही, नाहीतर सगळं बरबटेल. त्यामुळे झडप तेवढा वेळ मिटलेली राहते. शिवाय सेकंदाला सोळाच उघडझापी ठेवल्या तर पडदा डोळ्यांना बोचेल इतका लुकलुकतो. त्यावर उपाय म्हणून एकेका थांबलेल्या चित्रावरच झडप मध्ये आणखी दोन वेळा फिरवत, म्हणजे तेच चित्र तीनदा चमकायचं आणि लुकलुक डोळ्यांना कळेनाशी व्हायची. या सगळ्या मिटण्यांची बेरीज केली, तर फिल्मच्या जमान्यात दोन तासांचा सिनेमा बघणारा माणूस जवळजवळ तासभर पूर्ण काळ्या पडद्याकडे बघत बसलेला असे. अर्ध्या तिकिटाचा अंधार! आणि त्याबद्दल तक्रार करत कुणी डोअरकीपरकडे गेल्याचं ऐकिवात नाही.

मग हालचाल होते कुठे? शाळेत आपण ‘दृष्टिसातत्य’ शिकलो: डोळ्यांवर चित्र क्षणभर रेंगाळतं, तेवढ्यात पुढचं येतं, म्हणून सलग दिसतं. हे उत्तर अपुरं आहे. नुसतं रेंगाळणंच असतं तर चित्रावर चित्र चढून गिचमिड झाली असती. एका जागी रेघ दाखवा, ती विझवा, आणि एका ठरावीक अंतरानं शेजारी दुसरी रेघ दाखवा. माणसाला दोन रेघा दिसत नाहीत, एकच रेघ इकडून तिकडे गेलेली दिसते. गेल्याची खात्री इतकी पक्की, की मधली वाटही बघितल्यासारखी वाटते. जर्मनीत माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञानं या विषयावरचा गाजलेला निबंध छापला तो १९१२ मध्येच, म्हणजे फाळके वॉल्टनमध्ये पंजाकडे टक लावून बघत होते त्याच वर्षी. हालचाल फिल्मवर नसते, पडद्यावर नसते. ती बघणाऱ्याच्या मेंदूत तयार होते. यंत्रानं फक्त नेमक्या वेळी थांबायचं असतं.

फाळक्यांची ती दोन आठवड्यांची धावपळ मला या थांबण्याभोवती गुंफलेली दिसते. त्यांना फोटो काढणं शिकायचं नव्हतं. ते गोध्र्यात छायाचित्रकार होते, पुढे पुरातत्त्व खात्यातही त्यांनी काम केलं होतं. चित्रकला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात झाली होती. रसायनं, काचा, ठसे, रंगीत छपाई हे सगळं लोणावळ्यातल्या छापखान्याच्या काळात हातून गेलेलं. त्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीचीही वारी झालेली. इतकंच काय, हा माणूस जादूचे प्रयोगही करत असे, आणि नाव लावत असे ‘प्रोफेसर केळफा’. आडनाव उलटं वाचलं की झालं. येशूच्या जीवनावरचा एक चित्रपट पाहिल्यानंतर त्यांनी सिनेमे बघण्याचा आणि घरी मेणबत्ती-भिंगाचे खेळ करण्याचा इतका सपाटा लावला, की डोळे निकामी व्हायची वेळ आली. उपचारांनी दृष्टी परत मिळाली. अशा माणसाला दोन आठवडे कमी नव्हते. चित्र कसं काढायचं ते ठाऊक होतं. चित्र सेकंदाला सोळा वेळा कसं थांबवायचं एवढं उरलं होतं.

केबोर्न आणि हेपवर्थ यांच्या सल्ल्यानं त्यांनी पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. या कंपनीचा मूळ पुरुष जेम्स विल्यमसन हाही एक अवलिया. १९०१ मध्ये त्यानं एक लहानसा चित्रपट केला होता. त्यात एक चिडलेला माणूस कॅमेऱ्याच्या जवळ-जवळ येत जातो, तोंड उघडतो आणि कॅमेऱ्यासकट कॅमेरावाल्याला गिळून टाकतो. फाळक्यांनी घेतलेला कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, भिंग, आणि बाजूला हँडल. मोटर नाही. हँडलच्या एका फेऱ्याला आठ चित्रं, म्हणून सेकंदाला दोन फेरे. हात घड्याळासारखा चालला पाहिजे, म्हणून त्या काळचे कॅमेरावाले मनातल्या मनात एखादी चाल म्हणत हँडल फिरवत. हात मंदावला की पडद्यावर माणसं पळत सुटत. हात जोरात चालला की ती तरंगायला लागत. जुन्या मूकपटांतली माणसं दुडुदुडु चालतात, ती तेव्हा तशी चालत होती म्हणून नव्हे. सोळाच्या वेगानं टिपलेलं चित्रण बोलपटांसाठी ठरलेल्या चोवीसच्या वेगानं दाखवलं, की टिळकांपासून चॅप्लिनपर्यंत सगळेच दीडपट घाईत दिसतात.

या सोळाच्या हिशेबात एक गंमत दडलेली आहे. पस्तीस मिलिमीटरच्या एक फूट फिल्मवर बरोबर सोळा चित्रं बसतात. म्हणजे मूकपटाच्या काळात एक फूट म्हणजे एक सेकंद. वेळ पट्टीनं मोजायची! ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट सांगितली जाते, म्हणजे सोळाच्या चालीनं तासाभराहून थोडा जास्त खेळ, जवळपास साठ हजार थांबे.

कॅमेऱ्याबरोबर त्यांनी कोडॅकच्या कच्च्या फिल्मची मागणी नोंदवली आणि एक छिद्रं पाडायचं यंत्रही मागवलं. हे यंत्र कशाला? कारण फिल्म तेव्हा कोऱ्या कडांची येत असे. पंजा अडकवायची छिद्रं ज्याची त्यानं पाडून घ्यायची. एका चित्राला दोन्ही कडांना चार-चार, म्हणजे आठ. साठ हजार चित्रांची छिद्रं किती झाली ते तुम्हीच गुणून बघा, आणि ती फक्त तयार प्रतीची. मूळ चित्रण त्याहून किती तरी जास्त असणार. शिवाय ही कामगिरी उजेडात करायची सोय नाही. फिल्मवर अजून चित्रण व्हायचं आहे. आणि चूक किती चालेल? चित्राची रुंदी अडीच सेंटिमीटरसुद्धा नाही. ते पाच मीटरच्या पडद्यावर जातं तेव्हा दोनशे पट मोठं होतं. छिद्र केसाच्या जाडीइतकं हुकलं, तर पडद्यावर राजाचं सिंहासन बोटभर उडी मारतं.

फिल्म आणि यंत्र मे महिन्यात मुंबईत येऊन पोहोचलं. आता शिकवायला हेपवर्थ नव्हते. सोबत आलेल्या आकृत्या बघून फाळक्यांनी यंत्रं जोडली आणि घरच्यांना कामाला लावलं. छिद्रं पाडायचं काम शिकल्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. फिल्म धुणं, सुकवणं, भर उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड टाकणं, आणि शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात ‘तंत्रज्ञ’ या सदराखाली पहिलं नाव कुणाचं लिहायचं यावर माझ्या मते फार चर्चेची गरज नाही.

त्या घरातल्या अंधाऱ्या खोलीचाही विचार करून बघण्यासारखा आहे. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. म्हणून तर लाल दिव्याच्या उजेडात ती हाताळता यायची. पण त्याच कारणानं कपाळावरचं कुंकू, ओठ, लाल शालू हे सगळं पडद्यावर काळं ठिक्कर उमटे आणि निळं आभाळ पांढरंफटक. म्हणजे एखाद्या देवाला श्रद्धेनं निळा रंग फासला, तर पडद्यावर तो गोरापान व्हायचा! नटाचा चेहरा रंगवताना तो आपल्याला कसा दिसतो हे विसरून फिल्मला कसा दिसेल याचा विचार करावा लागे. त्यात फिल्म नायट्रेटची. ती पेटायला निमित्त लागत नाही, आणि पेटली तर पाण्यात बुडवूनही विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या रसायनातच असतो. हा ऐवज ज्या घरात होता त्याच घरात साठ-सत्तर पानं वाढली जात होती.

भांडवल उभं करायचं तर लोकांना काहीतरी करून दाखवायला हवं. त्यासाठी फाळक्यांनी निवडलेला विषय मला त्यांच्या सगळ्या पौराणिक चित्रपटांइतकाच चक्रावून टाकतो. त्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी लावलं आणि कॅमेरा रोखून महिनाभर त्याची वाढ टिपली. तयार झाला मिनिटभराहून थोडा मोठा चित्रपट, ‘अंकुराची वाढ’. मिनिटाची चित्रं साधारण हजार; महिन्यावर वाटली तर दिवसाला तीस-पस्तीस. दोन चित्रांमध्ये पंजा आता सेकंदाच्या सोळाव्या भागाइतका न थांबता कितीतरी वेळ थांबलाय, एवढाच काय तो फरक. बाकी यंत्र तेच, बघणाऱ्याचा मेंदूही तोच. त्याला मधल्या वेळेशी काही देणंघेणं नाही. तो दोन चित्रं जोडतो आणि वेल सरसर चढताना बघतो. वाटाणा वाढतो हे प्रत्येकाला माहीत होतं. वाढताना तो कुणीच पाहिला नव्हता. ही फीत निवडक मंडळींना दाखवली आणि त्यांतल्या काहींनी पैसे द्यायची तयारी दाखवली. वाटाण्याच्या जोरावर मिळालेलं हे बहुधा पहिलंच कर्ज.

आता दिग्दर्शन. ते कुणी शिकवलं होतं? हेपवर्थच्या सर्वांत गाजलेल्या चित्रपटाकडे पाहिलं, तर १९१२ मध्ये या शास्त्राची मजल कुठवर गेली होती ते कळतं. ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’, १९०५. तान्ही मुलगी पळवली जाते आणि घरचा कुत्रा तिला शोधून काढतो, एवढीच गोष्ट, सहा-सात मिनिटांची. कथा हेपवर्थच्या पत्नीची, पडद्यावर आई तीच, बाप स्वतः हेपवर्थ, बाळ त्यांचंच आणि कुत्राही घरचाच. खर्च आठ पौंडांच्या आत. प्रती इतक्या खपल्या, की छापून-छापून मूळ निगेटिव्ह झिजली आणि अख्खा चित्रपट आणखी दोनदा चित्रित करावा लागला.

पण खरी नवलाई आहे ती कुत्र्याच्या धावण्यात. घरातून निघतो, रस्ता, कोपरा, नदी, वस्तीतली दारं. प्रत्येक तुकडा वेगळ्या जागी घेतलेला. मधली वाट कापून टाकलेली. तरी कुत्रा हरवत नाही, आणि प्रेक्षकही हरवत नाही, कारण जाताना तो दरवेळी आपल्याकडे तोंड करून धावत येतो आणि परतताना त्याच जागांवरून पाठमोरा पळतो. दिशा सांभाळली, की मधले मैल प्रेक्षक स्वतः चालून जातो. रेघ विझून शेजारी उगवली तर मेंदू तिला ‘गेली’ म्हणतो. कुत्रा एका रस्त्यावर दिसेनासा होऊन नदीत दिसला तरी मेंदू ‘गेला’ असंच म्हणतो. सेकंदाच्या सोळाव्या हिश्शात जे घडतं तेच इथे मैलाच्या मापानं घडतं. दोन माणसं समोरासमोर बोलत असतील तर कॅमेरा त्यांच्यामधल्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला ठेवा, नाहीतर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतील, हे आजच्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच घोटवून घ्यावं लागतं. या नियमाचा वंश असाच या कुत्र्यापर्यंत मागे नेता येतो.

घरच्या माणसांना घेऊन चित्रपट करायचा धडाही फाळक्यांनी गिरवला. राजपुत्र रोहिदास झाला त्यांचा मुलगा भालचंद्र. हरिश्चंद्र होते दत्तात्रय दाबके. राणी तारामतीसाठी बाई मिळेना. शेवटी एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. याच साळुंक्यांनी पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, आणि त्याबद्दल प्रेक्षकांनी काही कुरकुर केल्याची नोंद नाही. कॅमेऱ्याचं हँडल फिरवलं त्र्यंबक तेलंग यांनी. त्यांना ते फाळक्यांनीच शिकवलं. चित्रपटात काम करणं कमीपणाचं मानलं जात असल्यानं विचारणाऱ्याला ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे’ असं सांगायची सूचना नटांना होती, असं सांगतात. परेश मोकाशी यांच्या २००९ च्या चित्रपटाचं नाव तिथूनच आलं. दादरच्या घराच्या आवारात नेपथ्य उभं राहिलं. वर छप्पर नको, कारण दिवा एकच, सूर्य. ढग आला की फॅक्टरी बंद. बाहेरचं चित्रण वांगणीला. सगळं मिळून जवळजवळ सात महिने.

चित्रपटाची सुरुवात बघितली तर चित्रकार फाळके अजून दिग्दर्शक फाळक्यांच्या पुढे उभे आहेत असं वाटतं. राजा, राणी आणि मुलगा रविवर्म्याच्या चित्रातल्यासारखे मांडलेले. चौकट स्थिर, माणसं समोरून. पण चमत्कारांची वेळ आली, की जे. जे.चा विद्यार्थी बाजूला होतो आणि प्रोफेसर केळफा पुढे येतात.

देव प्रकट होतो. कसा? कॅमेरा जागचा न हलवता हँडल थांबवायचं. नटांनी श्वास रोखून जिथल्या तिथे. देवाचा नट आत येऊन उभा राहतो. हँडल पुन्हा सुरू. मधल्या वेळेची फिल्मला खबरच नाही, म्हणून प्रेक्षकालाही नाही. रिकाम्या जागी देव एकदम उभा. पॅरिसमध्ये जॉर्ज मेलिएस या दुसऱ्या जादूगारानं हीच युक्ती आधी भरपूर वापरली होती. हा काही योगायोग नसावा. प्रेक्षक नेमका कुठल्या क्षणी बघत नाही हे ओळखणं हा तर जादूगाराचा जुनाच व्यवसाय.

याहून अवघड दुहेरी चित्रण. समजा झोपलेल्या माणसाच्या डोक्यापाशी स्वप्न दाखवायचं आहे. चौकटीचा तेवढा भाग काळ्या पडद्यानं झाकायचा आणि झोपलेल्याचं चित्रण करायचं, हँडलचे फेरे मोजत. दहा सेकंदांचे वीस फेरे. मग भिंगावर टोपण घालून फिल्म बरोबर वीस फेरे उलटी न्यायची. आता काळ्या पार्श्वभूमीवर स्वप्नातली माणसं उभी करायची आणि त्याच फिल्मवर पुन्हा वीस फेरे. काळा रंग फिल्मवर काही उमटवत नाही, म्हणून पहिलं चित्र शाबूत राहतं आणि दुसरं रिकाम्या जागेत येऊन बसतं. एकोणीसच फेरे उलटे गेले, तर स्वप्न अर्धा सेकंद उशिरा सुरू झालं. आणि जमलं की फसलं हे फिल्म धुतल्याशिवाय कळायचं नाही. आज कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला लगेच चित्र दिसतं. त्या काळी अंधारात वीसपर्यंत नीट मोजता येणं हेच दिग्दर्शकाचं भांडवल.

२१ एप्रिल १९१३ ला ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ सर्वांसाठी लागला. दुसऱ्याच वर्षी फाळके पुन्हा लंडनला गेले, पण आता विद्यार्थी म्हणून नव्हे. सोबत स्वतःचे चित्रपट होते. ते तिथे दाखवले गेले, तिकडेच काम करण्याबद्दल विचारणाही झाली. ती नाकारून ते परतले आणि पाठोपाठ महायुद्ध सुरू झालं.

गुरूचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. १९२४ मध्ये हेपवर्थ यांची कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि त्यांच्या ताब्यातल्या निगेटिव्ह वितळवल्या गेल्या. फिल्मवरचं चित्र चांदीचं असतं आणि चांदीला भाव येतो. शिष्याच्या ‘राजा हरिश्चंद्र’चीही पहिली आणि शेवटचीच रिळं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात उरली आहेत, आणि तीही १९१३ ची की १९१७ च्या पुनर्निर्मितीची यावर अभ्यासकांत वाद आहे. सुदैवानं १९१७ च्या सुमाराची आणखी एक फीत तुकड्यातुकड्यांनी शिल्लक आहे. तिचा विषयच ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा. तिच्यात फाळके स्वतः नटांना हावभाव समजावून सांगताना दिसतात. हेपवर्थनी त्यांना जे दाखवलं, ते त्यांनी पडद्यावर आणून सगळ्यांना दाखवून टाकलं.

असं दाखवून शिकवणारी सरकारी चित्रपटशाळा पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर निघाली ती १९६० मध्ये. पूर्वी ती जागा ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीची. ही कंपनी कोल्हापुरात १९२९ ला स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. ‘प्रभात’ काढणारे शांताराम, दामले, फत्तेलाल तरी कुठे शिकले? कोल्हापुरात, बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. आणि बाबुराव? त्यांना कुणी स्टुडिओ फिरवून दाखवला नव्हता. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे बाबुराव आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी सिनेमा पाहिला आणि कॅमेरा आपणच बनवायचा असं ठरवलं. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबुरावांनी काम सोडलं नाही. दामल्यांना हाताशी घेऊन १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला. त्याच्यावर चित्रित झालेला ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला.